रुमाल घसरला त्याची हकीकत

जळगाव,
शुक्रवार, दुपारी जेवण झाल्यावर
(जेवण फारसं झालं नाही)

जळगाव संघाचे कर्णधार, सात नंबरचे मानकरी, तौफिकभाई मिस्त्री यांस पारस लालचंदचा सलाम आणि जय जिनेंद्र, विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. आपली प्रकृती उत्तम असेलच. भुसावळच्या गिऱ्हाइकाची कपाटं कुठवर आली? उन्हात काम करू नका, पाणी पीत जा. (‘आपली’ आणि ‘नका’ वाचून तू रंधा खाली ठेवला असशील. बावीस वर्षांत मी तुला एकदाच ‘आपण’ म्हणालोय, तुझ्या निकाहात, तेही तुझे सासरे शेजारी बसले होते म्हणून. तेव्हा काय ते ओळख.) तुझ्या घरी मदिनाचाची मजेत आहेत. काल त्यांच्याकडे जाऊन आलो, त्याबद्दल पुढे लिहितो. मिसबाहवहिनी माहेरून सोमवारी येतायत असं चाची म्हणाल्या.

हे पत्र घेऊन आलेला माणूस दाराबाहेर वाकून उभा असेल. त्याला आधी आत घे आणि चौकट सांभाळायला सांग. त्याचं नाव अभिमन, उंची सहा फूट नऊ इंच, गाव साक्रीकडचं. तो आपला नवा सेंटर आहे. पत्रात काय आहे ते त्याला माहीत नाही, आणि तू पत्र पुरतं वाचेपर्यंत त्याला काही सांगू नकोस. त्याला चहा दे, दोन कप लागतात.

आता तू म्हणशील, भुसावळ काय लंडनला आहे का? गाडीत बसलं की अर्ध्या तासात माणूस पोचतो, मग पत्र कशाला? मी बुधवारी स्टेशनवर गेलो होतो. तिकीट काढलं, गाडी आली, गाडी गेली, मी प्लॅटफॉर्मवर एक बाटली पाणी पिऊन घरी आलो. फोन दोनदा लावला आणि तू उचलायच्या आत कापला. (तू उलट फोन केलास तेव्हा मी ‘चुकून लागला’ म्हणालो. चुकून लागला नव्हता.) वॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं तर तुला वरती ‘टायपिंग’ दिसत असणार हे लक्षात आलं आणि घाम फुटला. शिवाय तू वाचलंस की ती निळी खूण मला दिसणार. ती खूण बघायची माझी हिंमत नाही. कागदाला निळी खूण येत नाही, एवढ्यासाठी हा कागद.

तर विषय असा की मोसम संपल्यापासून आपल्या संघाची नव्याने मांडणी चालू आहे. तुला हे माहीत आहे, तरी लिहितो, कारण माहीत असलेलं लिहीत गेलं की माहीत नसलेलं जरा लांब पडतं. लीगमध्ये सहा संघ, त्यात गेल्या मोसमात आपण पाचवे. पापाजींचं म्हणणं, संघ घेतला तेव्हा त्यांना वाटलं होतं बास्केटबॉल म्हणजे डाळ मिलसारखं असेल, वरून टाकलं की खालून माल निघतो. इथे वरून टाकलेलं खाली येऊन दुसऱ्याच्याच हातात जातं. ते दुसऱ्याच्या हातात जाऊ नये म्हणून उंच माणूस हवा, हे त्यांनी स्वतः शोधून काढलं. मी व्यवस्थापक असल्यामुळे मी ते वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, उंच माणूस आणायचा तर कुणाला सोडायचं? पापाजी चष्मा पुसत म्हणाले, “तौफिकला विचार.”

हे वाक्य लक्षात ठेव. पुन्हा येईल.

मी तुला विचारलं नाही. मी स्वतः बसून आराखडा केला. तुरीच्या रिकाम्या पोत्यावर खडूने कोर्ट काढलं (कागद होता, पण पोत्यावर काढलं की आपण मोठे डावपेचवाले वाटतो) आणि गणित मांडलं. धुळ्याचा अभिमन आपल्याकडे आला तर रिंगखालचा चेंडू आपला. त्या बदल्यात आपला दोन नंबरचा योगेंद्र त्यांना द्यायचा. योगेंद्र धावतो चांगला, पण चेंडू हातात आला की त्याला दिशा आठवत नाहीत, त्यामुळे नुकसान शून्य. आणि चेंडू वाटायला, खेळ चालवायला, सगळ्यांवर ओरडायला मध्ये तू. आराखडा पलकला दाखवला (बायकोने तरी शाबासकी द्यावी म्हणून). ती म्हणाली, सगळं छान आहे, पण सगळ्या रेघा या एका सातावरूनच का जातात? मी म्हटलं, खेळ तुला कळत नाही.

धुळे संघाचा कारभार कुंदनशेठ बघतात, पलकचे मामा. एरंडोलच्या वाटेवर कुठे भेटलं तर चार लोक बघणार, म्हणून धरणगावला चेलनामावशीच्या अठाईच्या पारण्याला भेटायचं ठरलं. आठ दिवसांचा उपवास मावशीचा, आणि आम्ही दोघं जावईबापू नि मामा तिथे खेळाडूंचं साटंलोटं करायला बसलो. (मावशीला मुगाचं पाणी पाजलं आणि लगेच कोपरा गाठला. हे पाप वेगळं.) आजूबाजूला सगळा बाजार जमलेला. कापूसवाले, डाळवाले, सोनेवाले, एकेकाचे कान सुपाएवढे. कुंदनशेठ म्हणाले, बोलून सौदा नको, आपल्या जुन्या रीतीने करू. आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

तुला ही रीत ऐकून माहीत असेल. रुमालाखाली एकमेकांचा हात धरायचा, बोटांनी आकडा सांगायचा, वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, आख्खा पंजा धरला तर पाच, पंजा धरून मग दोन बोटं म्हणजे सात. बाजार समितीत हे कधीच बंद झालं, आता उघडा लिलाव होतो. पण पापाजींच्या पिढीने सगळी तूर अशीच घेतली आणि त्यांचा नियम एकच, रुमालाखाली दिलेला शब्द मोडायचा नाही. मोडला तर बाजारात तोंड दाखवायला जागा नाही. आम्ही आकडे धरले जर्सीचे. कुंदनशेठनी त्यांचा अकरा नंबर, म्हणजे अभिमन, देऊ केला. आता मला माझा दोन नंबर सांगायचा होता, म्हणजे दोन बोटं धरायची होती.

इथे घात झाला. रुमाल रेशमी होता. माझे हात पारण्याच्या पेढ्यांनी तुपाळलेले. रुमाल घसरायला लागला, तो सावरायला मी घाईत कुंदनशेठचा आख्खा पंजा धरला, आणि रुमाल जागेवर आला तेव्हा दोन बोटं धरली. पंजा आणि दोन. कुंदनशेठचे डोळे एकदम मोठे झाले. वर तोंडाने ते म्हणत होते की यंदा धरणगावला हवा चांगली आहे. मग त्यांनी माझा हात असा दाबला की अंगठी रुतली, रुमाल झटकला आणि पेढा माझ्या तोंडात घातला. तोंडात पेढा असताना माणूस काय बोलणार?

तौफिक, मी सात नंबर देऊन बसलो. मी तुला धुळ्याला देऊन बसलो.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं अक्षर वाईट येईल, सांभाळून घे.

त्याच संध्याकाळी मी पापाजींना सांगणार होतो, पण त्यांनी ‘झालं का?’ विचारलं आणि मी ‘झालं’ म्हणालो, आणि ते देवासमोर बसायला निघून गेले. दुसऱ्या दिवशी अभिमन आला. एक पिशवी, एक जोडी बूट (आमच्या चपलांच्या फळीवर ते मावेनात, जिन्यात ठेवले, पापाजींना वाटलं कुणी सामान विसरून गेलं), आणि आत येताना तू केलेल्या सागवानी दाराच्या चौकटीवर कपाळ. आठवतंय, तू सात फुटी दार करू म्हणत होतास आणि मी म्हणालो होतो, आमच्या जैनांच्या घरात कोण सात फुटी येणार आहे? तर तो आला. पलकने बर्फ लावला. झोपायला दोन खाटा जोडल्या, पुढे स्टूल लावलं. पोरगा फार साधा, ताटात पडेल ते खातो, आणि पडत राहील तोवर खातो. पण पिशवी उघडेना. पलक म्हणाली, कपाटात कपडे लाव. तो खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन बसला आणि मला विचारलं, “शेठ, तौफिकभाऊ कोठे शे?”

मी म्हटलं, भुसावळला कपाटं करतोय.

तर तो खुलला. म्हणाला, “मी त तौफिकभाऊसंगे खेयाले उनू. मायले सांगीसन उनू. बठ्ठा खेय त्यासनाच शे.” सगळा खेळ म्हणे तुझाच. कुंदनशेठनी त्याला एवढंच सांगितलं होतं की जळगावला जायचंय. त्याच्या बदल्यात कोण जाणार ते सांगितलं नव्हतं. धुळ्याला त्याला जास्त मान होता, घर जवळ होतं, तरी तो पळत आला, तू चेंडू देशील आणि तो टाकील, एवढ्या एका आशेवर. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. पलकने बाहेरून विचारलं, पाणी का वाया घालवताय?

काल सकाळी सराव झाला. तो अभिमन रिंगखाली हात वर करून उभा राहिला, आणि हात वर करूनच राहिला. चेंडू कुणी दिलाच नाही. आपल्या वाघांना चेंडू आला की आधी तुझ्याकडे बघायची सवय. तू नाहीस म्हटल्यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. योगेंद्र तर चेंडू घेऊन थेट पाण्याच्या टाकीपर्यंत गेला. पंगत बसलीये, पानं मांडलीयेत, आणि वाढपीच नाही, अशी तऱ्हा. प्रशिक्षक मला म्हणाले, तौफिक कधी येतोय? मी म्हटलं, येईल. कालपासून मी असं ‘येईल’ किती जणांना म्हणालो ते विचारू नकोस. आपण उंची वाढवायला गेलो आणि आख्खा संघ बुटका करून ठेवला.

सरावानंतर मी मदिनाचाचींकडे गेलो. सांगायलाच गेलो होतो, शपथ. चाचींनी माझी स्टीलची थाळी काढली. ती वेगळी ठेवलेली, कधी दुसरं काही न लागलेली, जिच्यावर त्यांनी तुझ्या लग्नाच्या भांड्यांबरोबर माझं नाव कोरून घेतलंय. वरणभात वाढला, कांदा-लसूण नाही. आणि म्हणाल्या, “इस बार मैं सामनेच बैठूंगी रे पारस. गुडघा अब दुखता नै. तौफिक बोला, आखरी मोसम है.” आठ वर्षं तू इथे खेळलास आणि गुडघ्यापायी त्यांनी एक सामना पाहिला नाही. आता ऑपरेशन झालं, पायऱ्या चढता येतात, तर मुलगा धुळ्याच्या जर्सीत येणार. मी ‘पास मी देतो चाची’ म्हणालो. भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, कारण ताटात टाकलं असतं तर त्यांनी कारण विचारलं असतं.

तरीपण जरा चांगल्या बाजूने बघ. धुळं काही वाईट गाव नाही. दोन तासांचा रस्ता. कुंदनशेठ माणूस प्रेमळ आहे, पेढा तोंडात घालतो. तिथे तुला खोली देतील, शेवटच्या मोसमाचा सत्कार करतील, शाल देतील. चाचींना मी प्रत्येक सामन्याला गाडीने नेईन. मागे उशी, पुढे थर्मास. कागदपत्रांचं मी बघून घेतलंय (दहावीच्या फॉर्मपासून तुझं सगळं मीच भरतो, तेव्हा त्याची काळजी तुला कधीच नव्हती). तू फक्त एक तारखेला तिकडे हजर हो, आणि जायच्या आधी एकदा अभिमनला आपल्या दोनचार खुणा शिकवून जा, म्हणजे संघाचं बरं होईल. रागावू नकोस असं म्हणणार नाही. रेशमी रुमालाने माझा घात केला, एवढं मात्र मनात धर.

मिसबाहवहिनींना नमस्कार. कपाटाला बिजागऱ्या चांगल्या लाव.

तुझा (हा शब्द तीनदा खोडून लिहिलाय),
पारस

ता. क. : रुमाल घसरला नव्हता.

रुमाल सुती होता. पेढे नंतर आले. मी पंजा धरला आणि दोन बोटं धरली, आणि कुंदनशेठनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पुन्हा एकदा पंजा आणि दोन बोटं दाबून विचारलं, नक्की ना? त्यांनासुद्धा खरं वाटेना. हात काढून घ्यायला मला भरपूर वेळ होता. धरणगावच्या हवेची तीन वाक्यं होतील एवढा. मी परत दाबला. मला त्या वेळी बरं वाटलं, तौफिक. शाळेच्या संघात तू कर्णधार आणि मी राखीव, पाण्याच्या बाटल्या मोजणारा. कॉलेजात मुली मला येऊन विचारायच्या, तू तौफिकचा दोस्त ना? आता संघ माझ्या बापाचा, खुर्ची माझी, तरी घरात साधा पंखा बदलायचा तर ‘तौफिकला विचार’. आमच्या घराचं दारसुद्धा तुझ्या हातचं. रुमालाखाली कुणाला दिसत नव्हतं. पहिल्यांदाच तुझं काय करायचं ते मी ठरवत होतो, आणि तुला विचारत नव्हतो. बरं वाटलं ते गाडी पाळधीला येईपर्यंत. पुढे काही वाटेना, आणि मग जे वाटायला लागलं ते अजून चालू आहे.

आणखी ता. क. : कागदपत्रांचं बघून घेतलंय असं वर म्हटलंय. नियम असा आहे की आठ मोसम एकाच संघाकडून खेळलेल्या खेळाडूला त्याच्या लेखी संमतीशिवाय दुसऱ्या संघाला देता येत नाही. हा नियम तुला माहीत नाही, कारण नियमांची पुस्तिका तुझ्या वाटची मीच वाचतो. पारण्याच्या दुसऱ्या दिवशी, तू भुसावळला निघायच्या आधी, मी कारखान्यात आलो होतो ना, नव्या जर्सीच्या मापाचा कागद घेऊन? खाली आणखी एक कागद होता. तुझे हात भुशाने भरलेले. तू म्हणालास, “कुठे करू सही?” आणि कानावरची पेन्सिल काढलीस. मी म्हटलं, पेन्सिल नको, पेन लागतं. दोन्हीवर तू सही केलीस, एकही ओळ न वाचता, आणि वर मला म्हणालास, चहा घेऊन जा. मी चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो, साखर जास्त होती.

तो दुसरा कागद लीगकडे सोमवारी पाच वाजेपर्यंत पोचायला हवा. तो मी पाठवलेला नाही. तो या पाकिटात आहे. मी तीनदा फाडायला घेतला. पण मी फाडला असता तर तुला काहीच कळलं नसतं, मी तुझा चांगला दोस्त राहिलो असतो आणि चाचींच्या थाळीत जेवत राहिलो असतो. ते मला जमेना.

कुंदनशेठना काय सांगायचं ते माझं मी बघतो. शब्द माझा होता, मोडला तर नाक माझं जाईल, ते जाऊ दे. अभिमनला परत जावं लागलं तर त्याला धुळ्याला सोडायला मी स्वतः जाईन, आणि या वेळी गाडीत बसेन. आज सकाळी पापाजींनाही सगळं सांगितलं. रुमाल सुती होता इथपासून. ते बराच वेळ तुरीचे दाणे हातात फिरवत बसले. मला वाटलं, आता व्यवस्थापकाची खुर्ची गेली. ते म्हणाले, “तौफिकला विचार.”

म्हणून विचारतोय.

शेवटचं : पाकिटात जर्सीच्या मापाचा कागदही आहे, तो खरा आहे. सात नंबर, जळगाव. दुसरा कागद संमतीचा, धुळ्याचा. कुठला ठेवायचा आणि कुठला फाडायचा ते तू ठरव. धुळ्याचा ठेवलास तरी मला बोलायला तोंड नाही. तिसराही एक कागद ठेवलाय, कोरा. मला काय म्हणायचं ते त्यावर लिही, हव्या त्या भाषेत, खाली सही कर आणि अभिमनजवळ दे. त्याला म्हटलंय, उत्तर घेतल्याशिवाय उठू नकोस.

पण तौफिक, कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी, या वेळी तरी, वाच. माझा असला तर दोनदा वाच.